खाण बुजवताना आधी पाण्याची वाट आखावी

खुल्या कोळसा खाणीचे काम संपले की मागे एक खोल खड्डा उरतो, त्याच्या कडेला फोडलेल्या खडकाचे व मातीचे ढीग उरतात आणि खाणीच्या दोन बाजूंना जुन्या ओढ्याची तुटलेली दोन टोके उरतात. खड्डा आणि ढीग यांच्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, कारण ते लांबून दिसतात. खड्डा भरायचा, ढीग उतरवायचे, वर माती पसरायची, गवत आणि झाडे लावायची, असा पुनर्स्थापनेचा क्रम बहुतेकांच्या मनात असतो. ओढ्याचे काम मात्र जमीन तयार झाल्यावर एखादा चर खोदून उरकण्याचे समजले जाते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. पाणी कुठून येणार, कोणत्या वाटेने वाहणार आणि कुठे बाहेर पडणार हे आधी ठरवावे आणि मग त्या वाटेभोवती भरावाचा आकार बसवावा. हा क्रम चुकला तर नंतर कितीही खर्च करून तो पुरता दुरुस्त होत नाही.

असे का, हे समजण्यासाठी खाणीने जमिनीचे नेमके काय केले ते पाहावे लागते. मूळ डोंगरउतारावर पाऊस पडतो तेव्हा त्यातले बरेचसे पाणी मुरते. मुळांनी, गांडुळांनी आणि मुंग्यांनी पाडलेली भोके, पालापाचोळ्याचा थर आणि वर्षानुवर्षे जमत गेलेली माती हे सगळे मिळून पाणी धरून ठेवतात आणि ओढ्याला सावकाश सोडतात. भराव टाकलेल्या जमिनीत यातले काहीच नसते. अवजड डंपर आणि डोझर तिच्यावरून फिरून फिरून वरचा थर इतका दाबतात की कुदळ मारली तर ती उडते. त्याखाली मात्र ओव्हरबर्डनचा, म्हणजे कोळशावरच्या खडकाच्या ओबडधोबड तुकड्यांचा पोकळ भराव असतो. वर घट्ट आणि खाली पोकळ अशा या ठेवणीचा त्रास दोन्ही बाजूंनी होतो. जोराचा पाऊस आला की पाणी मुरण्याऐवजी पृष्ठभागावरून धावत सुटते, आणि ओढ्याला पूर लवकर येतो व मोठा येतो. पाऊस थांबल्यावर मात्र जे थोडे पाणी ओढ्यात राहायला हवे ते भेगांतून पोकळ भरावात उतरते आणि ओढा कोरडा पडतो.

शिवाय फोडलेला खडक मूळ जागेत मावत नाही, कारण तुकड्यांच्या मधल्या पोकळ्यांमुळे त्याचे आकारमान वाढते. कोळशाचा थर पातळ आणि वरचा खडक जाड असेल तर भरावाची टेकडी उरते. कोळसा जाड असेल तर सगळा खडक परत टाकूनही खड्डा उरतो. दोन्ही प्रसंगी जुना नकाशा जसाच्या तसा परत आणता येत नाही, आणि म्हणून ओढ्याचा पाणलोट, लांबी व उतार यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

हे काम खाण चालू असतानाच सुरू होते. खाणीच्या परिसरात दोन प्रकारचे पाणी असते. एक बाहेरच्या अबाधित जमिनीवरून येणारे स्वच्छ पाणी, आणि दुसरे उघड्या भरावावर, ढिगांवर व वाहतुकीच्या रस्त्यांवर पडून गढूळ झालेले पाणी. ही दोन पाणी एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत, हा पहिला नियम. स्वच्छ पाणी खाणीच्या वरच्या अंगाला चर काढून, ज्याला खाणीत गारलँड ड्रेन म्हणतात, बाहेरूनच वळवून खालच्या ओढ्यात सोडायचे. गढूळ पाणी मात्र वेगळ्या चरांनी गाळ-तलावाकडे, म्हणजे गाळ खाली बसावा म्हणून बांधलेल्या तलावाकडे, न्यायचे. स्वच्छ पाणी एकदा गढूळ पाण्यात मिसळले की तेही तलावातून न्यावे लागते, तलाव त्या प्रमाणात मोठा बांधावा लागतो, आणि ऐन पावसात नेमका तोच अपुरा पडतो.

ढीग कुठे टाकायचा, हा प्रश्नही मुळात पाण्याचाच आहे. वेल्समधील ॲबरफॅन येथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी खाणकचऱ्याचा सातव्या क्रमांकाचा ढीग घसरून खालच्या शाळेवर आणि घरांवर आला. १४४ माणसे गेली, त्यांपैकी ११६ मुले होती. हा ढीग १९५८ पासून डोंगरातल्या झऱ्याच्या जागेवर रचला जात होता. ती खाण भूमिगत होती, पण ढिगाखाली दबलेल्या झऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. झरा बुजवला म्हणून बंद होत नाही. त्याचे पाणी ढिगाच्या पोटात साठते, कणांमधला दाब वाढवते, त्यांची एकमेकांवरची पकड सोडवते आणि शेवटी सगळा ढीग चिखलासारखा वाहू लागतो. म्हणून भरावाची जागा ठरवण्यापूर्वी ती कोरड्या दिवसांत पायी फिरून पाहिली पाहिजे. आजूबाजूचे गवत वाळलेले असताना जिथे हिरवा पट्टा टिकून असतो, जिथे पायाखालची माती मऊ लागते, तिथे झरा आहे असे धरून चालावे. अशी जागा टाळता येत नसेल तर भरावाच्या आधी तिच्यावर टणक, पाण्यात न झिजणाऱ्या मोठ्या दगडांचा तळनिचरा करावा लागतो आणि झऱ्याचे पाणी भरावाच्या पायथ्यापर्यंत मोकळे न्यावे लागते.

आता मुख्य आकडेमोडीकडे येऊ, कारण ती वाटते तितकी अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. समजा, एका ओघळीत दहा हेक्टर नव्या भरावाचे पाणी येते आणि तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळतो. ताशी पन्नास लाख लिटर पाणी झाले. घट्ट दाबलेल्या भरावावर त्यातले ६० टक्के वाहून येते असे धरले तर ओघळीला सेकंदाला सुमारे ८३० लिटर पाणी पोटात घ्यावे लागेल. हेच क्षेत्र दाट गवताखाली आले आणि आधीच्या निम्मेच पाणी वाहू लागले तर आकडा सरळ निम्म्यावर येतो. माती सैल ठेवणे आणि तिच्यावर लवकर गवत आणणे हे ओढ्याचेच काम आहे असे मी म्हणतो ते यासाठी. वरच्या काही फुटांची माती डंपरने ओतून तशीच सोडावी, तिच्यावरून यंत्रे पुन्हा पुन्हा फिरवू नयेत. गुळगुळीत जमीन नजरेला छान वाटते, पण पाणी आणि झाडांची मुळे या दोघांनाही ती नकोशी असते.

कोणत्या पावसासाठी पात्र बांधायचे हे मात्र जोखमीवर ठरते. अमेरिकेत खुल्या खाणींच्या पुनर्स्थापनेचा केंद्रीय कायदा १९७७ साली झाला. त्याखालच्या नियमांनुसार कायम किंवा हंगामी वाहणारा ओढा तात्पुरता वळवताना त्याच्या पात्राने आणि पूरमैदानाने मिळून दहा वर्षांतून एकदा येणारा सहा तासांचा पाऊस सुखरूप वाहून न्यावा लागतो. कायमच्या वळणासाठी शंभर वर्षांतून एकदा येणारा सहा तासांचा पाऊस धरतात. या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे भल्याभल्यांची गल्लत होते. शंभर वर्षांचा पाऊस म्हणजे शंभर वर्षे थांबून येणारा पाऊस नव्हे. तो दर वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक असते. तीस वर्षांच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. तात्पुरत्या चरासाठी धरलेला दहा वर्षांचा पाऊस तर सात वर्षांत एकदा येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिकच असते. म्हणजे तात्पुरते म्हणून बांधलेले काम दोन वर्षांऐवजी सात वर्षे तसेच राहिले, आणि ते बऱ्याचदा राहते, तर ते कधीतरी तुडुंब भरून वाहणार असे गृहीत धरूनच त्याच्या खालची व्यवस्था करावी.

पात्र किती मोठे हवे, हे या गणिताने कळते. ते कोणत्या आकाराचे हवे, हा प्रश्न त्याहून खोल आहे. पुनर्स्थापित जमिनीची नेहमीची घडण ठरलेली असते: एकसारख्या उताराचे पृष्ठभाग, मध्ये मध्ये आडव्या पायऱ्या, पायऱ्यांचे पाणी गोळा करून सरळ खाली आणणारे दगडी उतरणचर. नकाशावर काढायला आणि यंत्राने करायला हे सोपे असते. अशा एका पायरीवर काय घडते ते जवळून पाहू. पायरी आतल्या बाजूला थोडी कललेली असते, म्हणजे पाणी तिच्या आतल्या कडेने उतरणचराकडे जावे. खालचा भराव हळूहळू बसतो आणि पायरीच्या मध्यावर चार बोटे खोल खळगा पडतो. पुढच्या पावसात पाणी उतरणचरापर्यंत पोचण्याऐवजी त्या खळग्यात तुंबते आणि बाहेरच्या काठावर जिथे तो सर्वांत बुटका आहे तिथून बोटभर रुंदीची धार सुटते. धारेने काठ कापला की साऱ्या पायरीचे पाणी त्या एका खाचेकडे वळते. ते खालच्या पायरीवर कोसळते, तिचाही काठ तोडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावर वरून खालपर्यंत गुडघाभर खोल घळ दिसते. पुढच्या प्रत्येक पावसात त्या घळीचे डोके मागे, म्हणजे वरच्या दिशेने, सरकत जाते.

निसर्गातल्या उताराला अशा पायऱ्या नसतात. त्याचा वरून खालपर्यंत उभा छेद घेतला तर माथा किंचित फुगीर असतो आणि त्याखालचा भाग अंतर्वक्र असतो, म्हणजे वर चढा आणि खाली येताना सपाट होत जाणारा. ओढ्याचा उतारही तसाच असतो, आणि त्याला कारण आहे. वर पाणी थोडे असते म्हणून त्याला गाळ पुढे ढकलायला तीव्र उतार लागतो. खाली उपनाले मिळून पाणी वाढते, तेव्हा तेच काम कमी उतारावर होते. अमेरिकन अभियंता एमरी लेन यांनी १९५५ मध्ये हा समतोल सुटसुटीतपणे मांडला. पाण्याचे प्रमाण आणि उतार एका पारड्यात, गाळाचे प्रमाण आणि त्याच्या कणांचा आकार दुसऱ्या पारड्यात. एक बाजू जड झाली की ओढा स्वतःच तळ खणून किंवा गाळ टाकून ती सारखी करू पाहतो. भरावाचा पायथा तीव्र आणि माथा सपाट ठेवला, म्हणजेच निसर्गाच्या उलटे केले, तर जिथे पाणी सर्वांत जास्त तिथेच उतारही सर्वांत जास्त होतो आणि पायथा फाटतो.

वळणांचेही तेच. दीड किलोमीटर लांबीचा नागमोडी ओढा १५ मीटर खाली उतरत असेल तर त्याचा उतार एक टक्का झाला. जागा वाचवण्यासाठी तोच सरळ करून एक किलोमीटरचा केला तर उतरण तेवढीच राहते, पण उतार दीड टक्का होतो, आणि पाण्याचा तळावरचा ओढ, जो खोली आणि उतार यांच्या गुणाकाराने वाढतो, तोही, खोली तीच धरली तर, त्याच प्रमाणात वाढतो. वळणे काढून टाकल्याची भरपाई मग दगड आणि काँक्रीट लावून करावी लागते आणि त्या दगडांची देखभाल कुणीतरी कायम करावी लागते. खाण बंद झाल्यावर ते कुणीतरी कोण, याचे उत्तर बहुधा कुणाकडेच नसते.

म्हणून आता अनेक ठिकाणी जवळच्या, न बिघडलेल्या ओढ्याचे मोजमाप घेऊन त्यावरून नवी जमीन घडवतात. त्याच्या वळणांची रुंदी, दोन उपनाल्यांमधले अंतर, माथ्यापासून पहिली ओघळ किती अंतरावर सुरू होते, काठोकाठ भरलेल्या पात्राची रुंदी आणि खोली, हे सगळे मोजले जाते. जमीन आणि माती सारखीच असेल तर पाणी नव्या ठिकाणीही तेच आकार शोधणार, मग ते आधीच देऊन टाकावेत, असा यामागचा विचार आहे. न्यू मेक्सिकोतील ला प्लाटा कोळसा खाणीत जिओफ्लुव्ह नावाच्या पद्धतीने अशी जमीन घडवली गेली. अशा रचनेत पात्र दुहेरी असते. मध्ये रोजच्या आणि दर एक-दोन वर्षांनी येणाऱ्या काठोकाठ पाण्यासाठी लहान पात्र असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोठ्या पुराला पसरायला सपाट मैदान असते. पसरलेले पाणी उथळ होते, त्याचा जोर मोडतो आणि गाळ मैदानावर बसतो. नुसता खोल चर पुराचे सगळे पाणी एकाच खोल धारेत कोंडतो, आणि खोली वाढली की तळावरचा ओढही वाढतो.

तरीही काही जागी दगड लावावेच लागतात: तीव्र उतारावर, दोन नाले मिळतात तिथे, वळणाच्या बाहेरच्या काठावर आणि नवा ओढा जुन्या पात्राला जोडला जातो त्या सांध्यावर. या दगडी पिचिंगमध्ये सर्वांत महत्त्वाचा थर काम पूर्ण झाल्यावर दिसत नाही. तो म्हणजे दगड आणि माती यांच्या मधला खडी-वाळूचा किंवा जिओटेक्स्टाइल कापडाचा गाळणीथर. तो नसला तर दगडांच्या फटींतून वेगाने जाणारे पाणी मागची माती कणाकणाने ओढून घेते. वरून पाहिले तर दगड जागच्या जागी दिसतात, पण एखाद्यावर पाय ठेवला की तो डुगडुगतो, आणि खाली हात घातला तर मूठभर पोकळी लागते. आणखी दोन-तीन पुरांनंतर दगड एकेक करून त्या पोकळीत बसतात आणि काठ उघडा पडतो. तपासणीला येणाऱ्याने दगड मोजण्यापेक्षा एक-दोन दगड उचलून खाली काय आहे ते पाहावे.

गाळ-तलावाबद्दल फार सांगण्यासारखे नाही, पण एक गोष्ट माहीत असावी. पाण्यातला कण किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. एक शतांश मिलिमीटरचा पोयट्याचा कण साचलेल्या पाण्यात मीटरभर खाली यायला सुमारे तीन तास घेतो. दोन सहस्रांश मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला त्याच अंतरासाठी तीन दिवसांहून अधिक लागतात. म्हणजे तलाव वाळू आणि पोयटा अडवतो, चिकणमाती मात्र बहुतांशी त्यातून निघून जाते. ती अडवायची तर कणांचे गठ्ठे बांधणारी रसायने घालावी लागतात, किंवा ती माती मुळात जागची हलू नये अशी व्यवस्था करावी लागते. दुसरा मार्ग स्वस्त आहे आणि खात्रीचाही. तलावात साचलेला गाळ वेळच्या वेळी काढला नाही तर पाणी थांबण्याची जागाच उरत नाही, आणि तलाव असूनही पाणी गढूळच बाहेर पडते.

काही खाणींत पाण्याचा रंगच वेगळी कथा सांगतो. कोळशाच्या आसपासच्या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज असते. जमिनीखाली ते शांत असते. फोडून उघडे केले की हवा, पाणी आणि जिवाणू मिळून त्याचे गंधकाम्ल आणि विरघळलेले लोह बनवतात. पाण्याचा सामू खाली जातो, आम्लात ॲल्युमिनियम आणि मँगनीज विरघळतात, आणि पुढे ओढ्यात हवा लागून लोहाचा नारिंगी साका दगडांवर बसतो, ज्याच्याखाली ओढ्यातले किडे आणि माशांची अंडी गुदमरतात. इथे पात्राची आखणी आणि खडकाची रसायने एकत्र पाहावी लागतात. भराव टाकण्यापूर्वीच कोणता खडक आम्ल करतो आणि कोणता चुनखडीयुक्त असून ते मारतो हे नमुने तपासून ठरवावे, आम्ल करणारा खडक ओढ्याच्या वाटेपासून आणि भूजलाच्या वरखाली होणाऱ्या पट्ट्यापासून दूर पुरावा, आणि तो कधीही पात्राच्या पिचिंगला वापरू नये. चुनखडीने भरलेल्या चरातून आम्लयुक्त पाणी नेण्याचा उपाय चांगला आहे, पण पाण्यात लोह भरपूर असेल आणि चर हवेला उघडा असेल तर दगडांवर साक्याचे कवच चढते आणि चुना पाण्याला भिडेनासा होतो. म्हणून अशा ठिकाणी चुनखडी हवाबंद पुरून आधी पाण्याचे आम्ल कमी करतात आणि मग ते उघड्या तळ्यात किंवा पाणथळीत सोडून लोह बसू देतात.

आणि शेवटी भराव बसण्याचा प्रश्न, जो सगळ्यांत कमी बोलला जातो. नवा भराव वर्षानुवर्षे खचत राहतो, आणि भूजल परत वर येऊन त्याला भिजवते तेव्हा तो पुन्हा एकदा झटक्याने खचू शकतो. जिथे भराव आणि न खणलेला खडक एकमेकांना भिडतात तिथे एक बाजू खचते आणि दुसरी खचत नाही, आणि नेमक्या त्या रेषेवरून ओढा जात असेल तर त्याच्या तळाला भेग पडते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात यालोर्न कोळसा खाणीवरून मॉरवेल नदी बांधलेल्या पात्रातून वळवली आहे. जून २०१२ मध्ये मोठ्या पावसानंतर हे पात्र फुटले, नदी खाणीत घुसली आणि शेजारच्या वीजकेंद्राची वीजनिर्मिती घटली. पुढे २०२१ मध्ये पुराच्या वेळी त्याच वळणात पुन्हा भेगा आढळल्या. म्हणून ओढा शक्यतो न खणलेल्या जमिनीवरूनच न्यावा; भरावावरून न्यावाच लागला तर तळाशी दाबलेल्या चिकणमातीचा अस्तरथर द्यावा, खचण्याची शक्यता धरून उतार थोडा जास्त ठेवावा, आणि खुणेचे खुंट ठोकून त्यांची पातळी ठरावीक काळाने मोजत राहावी.

या मोजणीबरोबर प्रत्येक मोठ्या पावसानंतर कुणीतरी ओढा माथ्यापासून मुखापर्यंत चालत पाहायला हवा. काठावर नवी खाच आहे का, दगड हलले आहेत का, वर भरपूर वाहणारे पाणी खाली येताना कमी होते का, पाण्याचा रंग कुठून बदलतो, हे डोळ्यांनीच कळते. एखादी खाच बोटभर असताना फावडे आणि चार टोपल्या दगड पुरतात; तीच महिन्याभराने यंत्राशिवाय बुजत नाही. अमेरिकी नियमांत गाळ-तलाव काढायला परवानगी तेव्हाच मिळते जेव्हा वरची जमीन स्थिर झालेली असते, तिच्यावर गवत धरलेले असते आणि शेवटच्या भर-पेरणीला, म्हणजे आधीच्या पेरणीवर केलेल्या जादा पेरणीला, किमान दोन वर्षे झालेली असतात. ती परवानगी मागण्याच्या दिवशी तलावात येणारे पाणी आणि त्यातून बाहेर जाणारे पाणी दोन काचेच्या बरण्यांत भरून शेजारी शेजारी ठेवावे. दोन्ही सारखीच नितळ दिसली, तर तलावाचा बांध फोडून ओढा पुढच्या जुन्या पात्राला जोडायला हरकत नाही.